ठेकेदार गेला, तर आई राहील का?

या महिन्यात पोस्टाने, ईमेलने, आणि एक तर चक्क आमच्या सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवलेलं, अशी मिळून बरीच पत्रं आली. बहुतेकांचा विषय एकच: सार्वजनिक कामांतले ठेकेदार काढून तिथे पुन्हा सरकारी नोकर नेमावेत का, आणि नेमले तर आमचं काय. मी चौतीस वर्षं आस्थापना शाखेत, म्हणजे नेमणुका आणि पगाराच्या फायली चालतात तिथे, काढली. कुठल्या कार्यालयात, ते इथे लिहायचं नाही असं संपादकांशी पहिल्याच दिवशी ठरलंय. पत्रं लिहिणाऱ्यांच्या कार्यालयांची नावंही म्हणूनच गाळली आहेत. मी वकील नाही, फायली मात्र पुष्कळ हाताखालून गेल्या.

ताई, माझी आई चौदा वर्षं झाडणकाम करते. सकाळी सहाला कोठीवर हजेरी, मग दुपारपर्यंत तिचा ठरलेला रस्ता. या काळात पाच ठेकेदार झाले, मुकादम एकच. आता ऑफिसात बोलतात की ठेका बंद करून थेट माणसं घेणार. तिच्या बरोबरच्या बायका पेढे वाटायला निघाल्यात, आई मात्र घाबरली आहे. ती सातवी पास आहे, वय 47. थेट भरती झाली तर तिलाच घेतील, की तिच्या जागी दुसरं कुणी येईल?
– एक मुलगी, कात्रज

तुझ्या आईला चौदा वर्षांत ऑफिस बरोबर कळलंय. पेढे थांबवा.

ठेकेदार काढणं ही एक फाइल आणि माणूस कायम करणं ही दुसरी. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. पहिलीवर ‘मुदतवाढ देऊ नये’ एवढा शेरा पडला की काम झालं, एका दुपारचा प्रश्न. दुसरीला पद लागतं. पद आकृतीबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, असावं लागतं, नसेल तर निर्माण करावं लागतं, त्यासाठी ठराव, मग मंत्रालयात नगरविकास खात्याची मंजुरी, तिथून ‘त्रुटी पूर्तता करून फेरसादर करावे’ म्हणून फाइल परत. शिवाय आस्थापनेवरचा, म्हणजे नोकरांच्या पगारांवरचा, खर्च 35 टक्क्यांच्या वर गेला की सरकार नवी भरती करू देत नाही, ही अट आहेच. पहिली फाइल पुढे पळाली आणि दुसरी मागे राहिली, तर मधल्या खड्ड्यात ठेकेदार पडत नाही, त्याला दुसरं टेंडर मिळतं. पडतात त्या बायका.

आणि समजा पदं मंजूर झालीच, तर ती सरळसेवेने भरायची. म्हणजे जाहिरात, बिंदुनामावली (आरक्षणाचा क्रम), वयाची अट. ती खुल्या प्रवर्गाला 38, मागासवर्गीयांना 43. आई 47 ची. चौदा वर्षं जो रस्ता झाडला, त्या रस्त्याच्या नोकरीसाठी तिला अर्जसुद्धा भरता यायचा नाही. म्हणून ऑफिसात ‘थेट भरती कधी?’ असं विचारू नका. ‘सध्याच्या माणसांना सामावून घेण्याचा ठराव आहे का, आणि कोणत्या पदावर?’ असं विचारा. तोंडी नको, लेखी विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का घ्या.

कायद्याचं थोडक्यात सांगते. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या प्रकरणात म्हटलं होतं की एखाद्या कामातली ठेका पद्धत सरकारने बंद केली की ते कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात. त्या वर्षी आमच्या शाखेत साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे घाबरले होते. 2001 मध्ये ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या निकालाने ते उलटलं: आपोआप काही होत नाही. मग 2006 चा उमादेवी निकाल, ज्याची झेरॉक्स पुढे प्रत्येक नकाराला जोडली जायला लागली. भरतीची रीतसर प्रक्रिया टाळून आलेल्याला कायम होण्याचा हक्क नाही, असं घटनापीठाने सांगितलं. मंजूर पदावर दहा वर्षं काम केलेल्यांसाठी एकदाच सवलत द्या, असंही त्यात होतं. नकार टाइप करणाऱ्यांना तेवढा परिच्छेद कधी दिसला नाही. मीही टाइप केलेत, उगाच साव व्हायचं कारण नाही.

पण 2001 च्याच निकालात एक दार उघडं राहिलं. ठेका नुसता कागदावरचा असेल, म्हणजे काम कार्यालय सांगतं, रजा कार्यालय देतं, चूक झाली तर कार्यालय झापतं आणि ठेकेदार फक्त पगाराच्या पाकिटापुरता दिसतो, तर तो ठेका बनावट, आणि माणूस पहिल्यापासून कार्यालयाचाच. पाच ठेकेदार आणि एक मुकादम, असं तू लिहिलंस ना, तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे.

माझ्या टेबलावर एकदा एक हजेरीपट आला होता. वर ठेकेदाराचं नाव व्हाइटनर लावून बदललेलं. खाली नावं जुनीच, त्याच क्रमाने, त्याच हस्ताक्षरात. उजेडात धरलं तर व्हाइटनरखाली आधीच्याचं नाव वाचता येत होतं आणि त्याच्याही खाली आणखी एक पुसट अक्षर होतं. अकरा वर्षं एकच कागद झेरॉक्स होत होता, फक्त माथा बदलत होता. साहेबांना दाखवला. ते म्हणाले, ‘बाई, पट नवीन लिहून घ्या.’ लिहून घेतला. जुना फाडला नाही, फाइलच्या मागच्या बाजूला लावला आणि पान नंबर घातला. कुणी माहिती अधिकारात मागितला असता तर मिळाला असता. कुणी मागितला नाही.

मुंबईत मागितले गेले. तिथल्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने 2,700 सफाई कामगारांची केस लढवली. ठेका कायद्याला तेव्हा वीस कामगारांची मर्यादा होती, म्हणून कामाचे तुकडे करून प्रत्येक संस्थेकडे वीसपेक्षा कमी माणसं दाखवली होती, आणि ही माणसं कामगार नसून ‘स्वयंसेवक’ आहेत असा दावा होता. रोज सकाळी कचऱ्याच्या गाडीवर चढणारा स्वयंसेवक! औद्योगिक न्यायाधिकरणाने 2014 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने 7 एप्रिल 2017 रोजी तो कायम केला. त्यानंतरही कित्येकांचं काम नावातल्या फरकापायी रखडलं. यादीत एक स्पेलिंग, आधारवर दुसरं.

तेव्हा आज रात्री जेवण झालं की आईचे सगळे कागद खाली अंथरून बस. आधारवर, पीएफवर, बँकेत आणि राज्य विम्याच्या (ईएसआय) कार्डावर तिचं नाव एकसारखं आहे का बघ. सासरचं आडनाव एका ठिकाणी आणि माहेरचं दुसरीकडे, असं बायकांचं हमखास असतं. पीएफचं पासबुक तिच्या यूएएनवरून (पीएफचा कायमचा नंबर) काढलंस तर एकाच नंबराखाली पाच ठेकेदारांचे पाच खाते क्रमांक दिसतील, तारखांसकट. चौदा वर्षं सलग काम केल्याचा याच्याइतका चांगला पुरावा नाही. दोन ठेक्यांच्या मधे एक-दोन दिवसांचा खंड मुद्दाम टाकलेला असेल, तोही तिथे दिसेल. मुकादमाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘उद्या सगळ्यांनी पालखीच्या रस्त्यावर’ वगैरे निरोप येत असतील, ते आणि विशेषतः निरीक्षकाने स्वतः टाकलेले निरोप जपून ठेव. हुकूम कोण देतं, याचा तो पुरावा. ठेक्याच्या करारनाम्याची आणि हजेरीपटांची प्रत माहिती अधिकारात माग. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. करारनामा एका अर्जात माग, हजेरीपट दुसऱ्या.

आणखी एक गोष्ट युनियनच्या वकिलाला दाखव. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा गेला, त्याची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली. मुख्य कामात ठेका नको, असं ती म्हणते, पण झाडलोट मुख्य कामात मोडत नाही असंही म्हणते. हे वाचून पुष्कळजण हात टेकतात. पुढची अर्धी ओळ वाचा: ती आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल, तर. बिस्किटाच्या कारखान्यात झाडलोट दुय्यम हे मान्य. पण 1949 च्या महापालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत आणि सार्वजनिक रस्त्यांची सफाई त्यांतच येते. महापालिका मग आणखी कशासाठी स्थापन झाली? हा माझा अर्थ झाला, न्यायालयाचा नव्हे. पण भांडायला जागा आहे.

डिसेंबर 2024 चा जग्गो निकालही तुला कुणीतरी फॉरवर्ड करेल. केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात वर्षानुवर्षं झाडलोट आणि बागकाम करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने कायम करायला लावलं आणि उमादेवीचा आडोसा घेऊन लोकांना राबवू नका असं सुनावलं. निकाल चांगला आहे. पण त्या लोकांना कार्यालयाने थेट ठेवलं होतं, मधे ठेकेदार नव्हता. तुझ्या आईला आधी ठेकेदाराचा पडदा बाजूला करावा लागेल. म्हणून कागद.

आईला सांग, काम सोडायचं नाही, एक दिवसही नाही. ‘नवीन ठेकेदार आला की बोलावतो, तोवर घरी बसा’ असं म्हणाले तरी सकाळी सहाला कोठीवर जाऊन उभं राहायचं.

मी चार वर्षं सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. घरच्यांनी शेत गहाण टाकलंय. तुमच्यासारखे लोक ठेक्यावरच्यांना कायम करा म्हणता, म्हणजे मागच्या दाराने भरती करा म्हणता. मग आम्ही अभ्यास कशाला करायचा?
– एक विद्यार्थी (मूळ गाव परभणी जिल्ह्यात)

राग यायलाच हवा. खोलीत चौघं, मेसचा डबा, अभ्यासिकेतली महिन्याच्या भाड्याची खुर्ची, आणि जाहिरात येते तेव्हा जागा मूठभर. मी रोज त्या गल्ल्यांतून भाजी आणायला जाते, तुमचे चेहरे बघते.

कायद्याने तुझी बाजू भक्कम आहे. सरकारी नोकरीत सगळ्यांना समान संधी, हे राज्यघटनेचं सोळावं कलम. उमादेवी निकालामागे हाच विचार आहे: ओळखीने आत आलेल्याला कायम केलंत, तर ज्याला जाहिरातच दिसली नाही त्याचं काय? साहेबांच्या मेव्हण्याला ‘रोजंदारीवर’ घ्यायचं आणि पाच वर्षांनी कायम करायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तसल्यांची वकिली मी करणार नाही.

पण हिशेब नीट मांड. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने नऊ खासगी एजन्सींमार्फत 138 प्रकारची पदं बाह्यस्रोताने भरण्याचा शासन निर्णय काढला होता, तेव्हा तुम्हीच रस्त्यावर होतात. अगदी बरोबर होतात. ऑक्टोबरमध्ये सरकारने तो मागे घेतला. गुलाल उधळला गेला. पण निर्णय मागे घेतल्याने एकही पद भरलं गेलं नाही. रिकामं होतं ते रिकामंच राहिलं, आणि ज्या कार्यालयांत आधीपासून ठेके होते तिथे ते चालूच राहिले. तुझ्या वाटची जागा ठेक्यावरच्या एखाद्या कॉम्प्युटर ऑपरेटर मुलीने खाल्लेली नाही. जागा मंजूर असताना तिची जाहिरात न काढणाऱ्याने खाल्ली.

तुमच्या दोघांचं भांडण लावून देणं सोपं असतं, आणि ते फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. दक्षिण कोरियात इंचॉन विमानतळ आहे. मे 2017 मध्ये तिथले नवे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी विमानतळावर जाऊन जाहीर केलं की इथे एकही कंत्राटी राहणार नाही. तीन वर्षांनी 1,902 सुरक्षा तपासनीसांना विमानतळाने थेट नोकरीत घ्यायचं ठरवलं, आणि देशभरची परीक्षेची तयारी करणारी मुलं खवळली. आम्ही रात्री जागायच्या आणि हे आयते आत? विरोधातल्या अर्जावर दोन लाखांवर सह्या पडल्या. मला ते वाचताना तुम्हा मुलांनी भरलेला आपला शास्त्री रोडच आठवला.

गंमत अशी, की तपासनीसाच्या नोकरीसाठी त्यातलं कुणी अभ्यास करत नव्हतं. त्यांना विमानतळाच्या ऑफिसातली नोकरी हवी होती. तू तरी कोठीवर सहाला उभा राहायला अभ्यास करतोयस का? करत असशील तर जरूर अर्ज भर, काम हलकं नसतं. मला विचारशील तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. झाडणकाम, ड्रेनेज, आया, अशा ठिकाणी दहा-दहा वर्षं काम केलेल्यांना आधी सामावून घ्यावं. लिपिक, ऑपरेटर, कनिष्ठ अभियंता या जागांची जाहिरात सगळ्यांसाठी निघावी, परीक्षा एकच असावी, आणि ठेक्यावर जितकी वर्षं काम केलं तितकी वयात सूट आणि थोडे गुण अनुभवाचे. म्हणजे ऑपरेटर मुलगी तुझ्याच शेजारच्या बाकावर बसून पेपर देईल. हे तुला चालेल का, ते कळव. आणि शेत कितीला गहाण आहे, व्याज काय, हेही एकदा घरी विचार.

मी कोथरूडमधल्या 84 फ्लॅटच्या सोसायटीचा अध्यक्ष आहे. मिळकतकर वेळेवर भरतो. कायम झालेला माणूस काम करत नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ठेकेदाराला निदान दंड करता येतो. आमच्या पैशांतून आयुष्यभराचे पगार आणि पेन्शन कशाला?
– एक करदाता

अध्यक्षसाहेब, पहिलं वाक्य निम्मं मान्य. माझ्याच कार्यालयात एक कायम कर्मचारी सकाळी सही करून रिक्षा चालवायला जायचा. त्याच्या जागी एक म्हातारी झाडायची, तिला तो महिन्याकाठी स्वतःच्या पगारातला थोडा तुकडा द्यायचा. सगळ्यांना माहीत होतं. मी टिपणी ठेवली, वर्षभर चौकशी चालली, शेवटी ‘समज देण्यात आली’. म्हणजे बघा, त्या कायम माणसानेही एक ठेका दिलाच होता.

आता दंडाचं. दंड ठेकेदाराच्या बिलातून कापला जातो आणि ठेकेदार तो बाईच्या पगारातून कापतो. बिल कसं तयार होतं तेही सांगते. मजुरी किमान वेतनाच्या खाली जाऊ शकत नाही. पीएफमध्ये मालकाचा वाटा 12 टक्के, राज्य विम्यात 3.25 टक्के, बोनस किमान 8.33 टक्के, हे सगळं कायद्याने ठरलेलं. मग टेंडरमध्ये एकमेकांपेक्षा ‘खाली’ जायला जागा उरते कुठे? ठेकेदाराच्या सेवाशुल्कात. मी असली टेंडरं पाहिली आहेत, ज्यांत ते शुल्क जवळजवळ शून्य होतं. अहो, शून्य नफ्यावर धंदा करणारा साधू पुरुष आपल्याला टेंडरमध्येच कसा भेटतो?

उत्तर मला भांडाराच्या रजिस्टरात सापडलं. एका ठेक्याच्या हजेरीवर दर महिन्याला चाळीस माणसं. खराटे मात्र कार्यालयाच्या भांडारातून द्यायचे असं करारात होतं, आणि दर महिन्याला उचल होती सत्तावीस खराट्यांची. मी तीन महिन्यांची उचल काढली, सत्तावीस, सत्तावीस, अठ्ठावीस. एक तर तेरा माणसं हाताने झाडत होती, नाहीतर तेरा माणसं नव्हतीच. तुम्ही भरलेल्या करातून पगार चाळिसांचा गेला. स्वस्ताईचा हिशेब करताना हे तेरा धरा.

तरीही कायम माणूस महाग पडतो, ते लपवत नाही. राज्याच्या सातव्या वेतन आयोगात सगळ्यात खालची, एस-1 श्रेणी 15,000 मूळ पगारापासून सुरू होते, वर महागाई भत्ता, घरभाडे. पेन्शनबद्दल मात्र तुमची माहिती जुनी आहे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना राज्यात ती जुनी पेन्शन सरसकट नाही. त्यांच्या पगारातून पैसे कापून अंशदायी योजनेत जातात, त्यात सरकारचा वाटा पडतो. बाकी खर्च खरा आहे. पण ठेका असला तरी मोजायला, तपासायला, बिल पास करायला कायम माणसं लागतातच. ती कमी करत गेलो आणि खराटे मोजणारं कुणी उरलं नाही, हे माझं दुखणं आहे. मी निवृत्त झाल्यावर ते रजिस्टर लिहिण्याचं कामही बाहेर दिलं, असं ऐकते.

आणि ठेकेदार आपल्या मर्जीने थांबतो हेही विसरू नका. मार्च 2023 मध्ये पीएमपीच्या, म्हणजे आपल्या शहर बससेवेच्या, ठेकेदारांनी थकलेल्या बिलांसाठी गाड्या बंद ठेवल्या, तेव्हा तुमच्या सोसायटीतल्या कामवाल्या बायका त्या दिवशी कशा आल्या ते आठवा. रिक्षाने आल्या असतील, स्वतःच्या पैशांनी.

आमच्याकडे रोज कचरा घ्यायला दोघी येतात. त्या महापालिकेच्या नोकर की ठेकेदाराच्या? महिन्याचे पैसे आम्ही त्यांच्याच हातात देतो.
– एक गृहिणी, औंध

दोन्ही नाही. त्या बहुधा ‘स्वच्छ’च्या असतील. ती कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे, मालक त्याच. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून ही संस्था आली, आणि 2008 पासून महापालिकेशी करार करून ती दारोदार कचरा घेते. सुका माल विकून येणारा पैसा बाईचा स्वतःचा. ‘तुम्हाला सरकारी नोकर करतो’ म्हटलं तर सगळ्या हो म्हणतील असं धरून चालू नका, भंगाराचा हक्क सोडावा लागला तर हिशेब बदलतो.

ठेकेदार नको, पण सरकारी नोकरीही नाही, अशा वाटा आपल्याकडे जुन्या आहेत. 1969 चा माथाडी कायदा घ्या. मार्केट यार्डातला हमाल व्यापाऱ्याचा नोकर नाही आणि मुकादमाचाही नाही. त्याची मजुरी आणि वरची लेव्ही (टक्केवारी) व्यापारी माथाडी मंडळात भरतो, मंडळ पगार, पीएफ, बोनस बघतं. सुरक्षारक्षकांसाठी 1981 मध्ये तसाच कायदा झाला. हरियाणाने 2021 मध्ये वेगळंच केलं, ठेकेदार काढून स्वतःचं कौशल रोजगार निगम काढलं. म्हणजे माणूस ठेक्यावरच, ठेकेदार सरकारी. पगार बँकेत वेळेवर येतो, एवढा फरकही ज्याला पडतो त्याला पडतो.

पैसे हातात देता ते ठीक, पावती मागून घेत जा. आणि ओला-सुका वेगळा करून देता ना?

मॅडम मी ठेक्यावर हाऊसकिपिंगला आहे. पगार बँकेत येतो पण एटीएम कार्ड सुपरवायझरकडे आहे. तो 3,000 काढून घेतो मग कार्ड देतो. बोलले तर काढून टाकील. काय करू.
– (नाव, ठिकाण देत नाही)

ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला तर तो मूळ कार्यालयाने द्यायचा, असा कायदा आहे. पण तिथे पोचायला वेळ लागतो आणि तुमचा पगार सात तारखेला येईल.

म्हणून आधी बँकेत जा. आधार कार्ड आणि पासबुक घेऊन जा, ‘कार्ड हरवलं, बंद करा’ असं सांगा. नवीन कार्ड घरच्या पत्त्यावर मागवा. खात्याला मोबाइल नंबर कुणाचा जोडलाय तो विचारा. पुष्कळदा तोही सुपरवायझरचाच असतो. असेल तर त्याच खिडकीवर फॉर्म भरून बदला. मागच्या एक वर्षाचं स्टेटमेंट छापून घ्या. पगाराच्या दिवशीच 3,000 निघालेले दिसतील, कोणत्या एटीएममधून तेही दिसेल. त्या प्रत्येक ओळीला पेनाने खूण करा. सुपरवायझरशी यावर एक शब्दही बोलू नका, कार्ड चालत नाही हे त्याला मशीनच सांगेल. तुमच्यासारख्या आणखी कितीजणींची कार्डं त्याच्याकडे आहेत ते बघा, आणि दोघी-तिघी मिळूनच बँकेत जा. स्टेटमेंटची झेरॉक्स मला पाठवलीत तर कामगार उपायुक्तांच्या नावाचा अर्ज मी लिहून देते. कार्यालय शिवाजीनगरला आहे. शनिवारी जाऊ नका.